म्हातारपणीचं गाव कुणी निवडायचं?

(निवृत्त झालेल्या आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला दिलेला विषय असा आहे : निवृत्तीनंतर राहायला डोंगर जवळ, समुद्र जवळ आणि खिशाला परवडेल असं लहान गाव कसं निवडावं. पत्रिकेत हा विषय वाचून काही जणींना हसू आलं, असं कळलं. पोटगी, हुंडाबळी, रोजगार हमी हे सगळं सोडून आपण आता बंगल्यांच्या जाहिराती वाचायच्या का, असंही एकीनं विचारलं. मला तो प्रश्न आवडला, कारण उत्तर तिथूनच सुरू होतं. नवऱ्यानं घराबाहेर काढलेल्या तरुण बाईसाठी आपण इतकी वर्षं धावलो, पोलीस चौक्या पालथ्या घातल्या. पण साठीनंतर बाई कुठे राहते, कुणाच्या घरात राहते, तिथे ती स्वतःच्या मर्जीनं आली की कुणी सामानाबरोबर आणून ठेवली, हे आपण फारसं विचारलं नाही. आता आपणच साठीला आलो, म्हणून विचारतोय. काही हरकत नाही.

आधी 'निवृत्ती' या शब्दाबद्दल बोलू. हा शब्द पुरुषांच्या नोकरीतून आलाय. अठ्ठावन्न किंवा साठ वर्षं झाली की हार, नारळ, घड्याळ, आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस घरी. त्याच्या बायकोला त्या दिवशी काय मिळतं? घरात दिवसभर बसलेला नवरा, आणि सकाळच्या एका चहाऐवजी पाच चहा. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांच्याबरोबर अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायकांनी वीस-वीस कामगारांचे डबे भरले, तेही भाकरी थापून थापून मनगटं जाईपर्यंत. त्यांना निवृत्तीची तारीख कुणी दिली? हात चालेनासे झाले की तीच तारीख.

कोकणापुरतं बोलायचं तर लहान गावात जाऊन राहणं ही काही नवी कल्पना नाही. मुंबईचा चाकरमानी शंभर वर्षं हेच करत आला. तरुणपण गिरणीत, म्हातारपण गावी. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि पुष्कळांची निवृत्ती चाळिशीतच झाली. परळ-लालबागच्या खोल्या विकल्या गेल्या, माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गात परत गेली. हा निर्णय कुणी घेतला? जवळजवळ प्रत्येक घरात पुरुषानं. त्यानं लहानपणी आंबे काढले, नदीत पोहला, गणपतीला दरवर्षी मनानं तिथेच होता. त्याचं ते परत जाणं होतं. तिच्यासाठी ते सासरी जाणं होतं, दुसऱ्यांदा, आणि या वेळी गुडघे दुखत असताना. चाळीत तिला नळ दारात होता, शेजारीण भिंतीपलीकडे होती, दवाखाना चालत पाच मिनिटांवर होता. गावी विहीर उतारावर, शेजारचं घर बागेपलीकडे, आणि जून ते सप्टेंबर वीज गेली की कधी येईल ते सांगता येत नाही.

अशा एका बाईंकडे मी वरचेवर जाते. नाव सांगत नाही. खोली विकून आलेले पैसे गावच्या घराच्या दुरुस्तीला घातले. घर वडिलोपार्जित, सातबारावर सोळा नावं. नवरा गेला, वारसनोंद करायची तर दीर म्हणतात, घाई काय आहे, तुम्ही राहा की. त्या राहतात. राहतात म्हणजे मागच्या पडवीत राहतात. खोलीचे पैसे त्यांच्या नवऱ्याचे होते, दागिने विकून टाकलेली कौलं त्यांची स्वतःची, पण कागदावर दोन्ही कुठेच नाही. 'गावाला काय, खर्चच नाही' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी त्या पडवीत घेऊन जावं, असं मला वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाव निवडताना मनात असं धरून चाला, की या गावात एक दिवस मी एकटी असेन. लग्न झालेली असलात तरीही. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा चार-सहा वर्षांनी मोठा असतो आणि बाया सरासरीनं जास्त जगतात. म्हणजे शेवटची काही वर्षं एकटीनं काढण्याची पाळी बहुतेक वेळा बाईवर येते. जोडप्याला परवडणारं गाव एकट्या बाईला परवडेलच असं नाही. हा हिशेब पासष्टीचा करू नका, पंचाहत्तरीचा करा.

आता गावांकडे वळते. मी मुंबईत परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्तीच्या आधी मी आणि माझी एक मैत्रीण, दोघी एकट्या, तीन गावं नीट पाहून आलो : दापोली, चिपळूण आणि सावंतवाडी. सगळी जुलैत पाहिली, एवढी एक गोष्ट आमच्याकडून उचला. कोकण डिसेंबरात कुणालाही आवडतं. पावसाळ्यात भिंतीला ओल किती चढते, रिक्षा दारापर्यंत येते का, छपरावर चढून कौलं परतायला माणूस मिळतो का, हे जुलैत कळतं. आणि एकदा मे महिन्यातही जा. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात मे महिन्यात विहिरी तळाला जातात. जांभ्याचा दगड पाणी धरून ठेवत नाही. नगरपालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं की रोज, हे घरमालकाला विचारू नका, समोरच्या घरातल्या बाईला विचारा. पाणी भरणारी तीच असते.

दापोली उंचावर आहे, हवा चांगली, खाली हर्णै आणि मुरुडचा किनारा अगदी जवळ. कृषी विद्यापीठामुळे गावात शिकलेली, बाहेरून आलेली माणसं आहेत, त्यामुळे नव्या माणसाकडे टक लावून पाहत नाहीत. पण रेल्वे नाही. गाडीसाठी खेडला उतरायचं आणि पुढे घाटवळणांचा रस्ता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या तालुक्यात माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, छपरं उडाली, कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडे लागले. किनाऱ्याजवळच्या घराची हौस असेल तर हे लक्षात ठेवा. मुरुड म्हटलं की मला आणखी एक गोष्ट आठवते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या याच गावानं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्या गोदूबाई म्हणजे आनंदीबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. आज कुणी तसा बहिष्कार टाकणार नाही. पण लहान गावाला बाईच्या जगण्याबद्दल मत असतं, आणि ते तुमच्या कानावर येईल अशी व्यवस्थाही असते. गाव निवडताना निसर्गाबरोबर हेही विकत घ्यावं लागतं.

चिपळूण सोयीचं. रेल्वे आहे, महामार्ग आहे, कुंभार्ली घाटानं कऱ्हाडकडे जाता येतं, जवळ डेरवणला मोठं रुग्णालय आहे. १८६४ साली सुरू झालेलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. मला स्वतःला वाचनालय नसलेलं गाव नको होतं. पण वाशिष्ठी नदी गावातूनच जाते. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही वेळा शहर पाण्याखाली गेलं, आणि दोन्ही वेळा त्या वाचनालयाची पुस्तकंसुद्धा भिजली. तिथे स्वस्तात तळमजला दाखवला तर तो स्वस्त का, ते ओळखा. आम्ही एका घरात विचारलं, एकवीस साली पाणी कुठवर आलं होतं? घरमालकानं भिंतीवर हात ठेवला तो त्याच्या डोक्याच्या वर होता. निदान खोटं बोलला नाही. वरच्या आळ्यांमधली, उंचावरची घरं वेगळी. पैसे असतील तर जरूर पाहा.

आम्ही सावंतवाडी घेतली. मधोमध मोती तलाव, एका बाजूला तीसेक किलोमीटरवर आंबोलीचा घाट, दुसऱ्या बाजूला साधारण तेवढ्याच अंतरावर वेंगुर्ल्याचा समुद्र. लाकडी खेळण्यांची चितारआळी तुम्हाला माहीतच आहे. पण खरं सांगायचं तर डोंगर आणि समुद्र वर्षातून चार वेळा पाहिले जातात. रोज लागतो तो बाजार, बँक, डॉक्टर आणि एसटी स्टँड, आणि ते सगळं आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांच्या आत आहे. मी रिक्षा करत नाही. जी बाई गाडी चालवत नाही, तिच्यासाठी गाव म्हणजे तिच्या पायांना झेपेल तेवढाच भाग. बाकीचा नकाशा नवऱ्याच्या स्कूटरचा. तो आजारी पडला की तिचं गाव अंगणाएवढं होतं.

तोटेही सांगते. सावंतवाडी रोड हे स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. रात्रीच्या गाडीनं उतरलं तर रिक्षावाला मागेल ते द्यायचं. घाटाखालची हवा दमट, कपाटातल्या चादरीला बुरशी येते. मोपाचा विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात झाल्यापासून दलालांची पावलं या बाजूला जास्त वळू लागलीत. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट रुग्णालयाची. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, सिंधुदुर्गनगरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण गंभीर रुग्ण घेऊन लोक अजूनही बांबोळीला, गोव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. ते साठ-पासष्ट किलोमीटर. राज्य दुसरं. २०१८ मध्ये गोव्यानं बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले होते. मी परिचारिका, म्हणून माझी पहिली चौकशी हीच होती : रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कोण येईल, कशात घालून नेईल, तिथे कोणते कागद लागतील? घर पाहायला जाताना हे विचारा. लोक तोंडाकडे पाहतात. पाहू देत.

घर आम्ही विकत घेतलं नाही, भाड्यानं घेतलं. वर्षभर राहून मग ठरवू म्हटलं, आणि चार वर्षं झाली तरी भाड्यानंच आहोत. सात हजार भाडं, दोघींत वाटून साडेतीन. घर मिळायला मात्र वेळ लागला. पहिले दोन घरमालक सगळं ठरल्यावर म्हणाले, 'घरात पुरुषमाणूस कोण?' आम्ही म्हटलं, कुणी नाही. मग त्यांना अचानक आठवलं की पुतण्याला जागा द्यायची आहे. तिसरं घर एका विधवा बाईंचं निघालं. त्यांनी एकच विचारलं, 'रात्री दिवा कधी बंद करता?' त्यांना वर कुणीतरी जागं असलेलं हवं होतं.

म्हणून मला वाटतं, एकटीनं जाऊ नका. दोघी-तिघींनी मिळून एका गावात जा. एकाच घरात राहायलाच पाहिजे असं नाही. एका आळीत राहिलात तरी पुरे. आपण शिबिरांत एका सतरंजीवर दहा-दहा जणी झोपलोय, भांडलोय, सकाळी चहाला पुन्हा एकत्र आलोय. म्हातारपणी लागणारी तयारी दुसरी कुठली असते? आणि जिथे जाल तिथल्या बायांशी ओळख करून घ्या. बचतगट आहे, भजनी मंडळ आहे, ग्रंथालय आहे. मी भजनाला जाते. देवाचं मला फारसं काही नाही, पण दर गुरुवारी बारा बायांना मी जिवंत असल्याचं कळतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. सरकारी पेन्शन असलेल्या आपण भाग्यवान. कारखान्यात, छापखान्यात काम केलेल्या बायांना भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ साली एक हजार ठरली. हजार रुपयांत कुठलंच गाव स्वस्त नाही, हे कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं. एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीनंतर मोफत प्रवास, हा मात्र खरा आधार आहे. त्यामुळे एसटी स्टँडजवळचं घर मी समुद्राजवळच्या घरापेक्षा वरचं धरते. आगोटीची खरेदी, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, एकदम करावी लागते. मे महिन्यात हातात जास्तीचे पैसे लागतात, ते वेगळे काढून ठेवा. आणि औषधं शहरात जी किंमत तीच इथे.

ज्यांना घर किंवा जागा घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. कूळकायद्याचं ६३ वं कलम तेच सांगतं. दलाल म्हणेल, 'पुढे बघू, नावावर होऊन जातं.' होत नाही. बिनशेतीचा आदेश डोळ्यांनी पाहा. सातबारावर किती नावं आहेत आणि त्यांतल्या बहिणी कुठे आहेत, ते पाहा. भावांनी विकायला काढलेल्या जमिनीत बहिणींच्या सह्या नसतात, किंवा हक्कसोडपत्रावर घेतलेल्या असतात. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला, २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. आपण त्यासाठी मोर्चे काढले. आता दुसऱ्या एखाद्या बहिणीचा वाटा बुडवून स्वस्त झालेली जमीन आपणच घ्यायची का? मी तर घेणार नाही. तुम्ही तुमचं ठरवा.

घर घ्याल ते स्वतःच्या नावावर घ्या. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. सूट फक्त बाईच्या नावावर, पुरुषाबरोबर संयुक्त नावाला नाही. कित्येक घरांत त्या एका टक्क्यासाठी घर बाईच्या नावावर होतं. कारण कसंही असो, नाव तिचं लागतं.

पण नावावर झालं म्हणून थांबू नका. आपल्यापैकी ज्यांना मूल नाही, किंवा ज्या नवऱ्यापासून वेगळ्या होऊनही घटस्फोट न घेता राहिल्यात, त्यांनी नीट ऐका. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वतःच्या कमाईच्या मालमत्तेवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा. आईवडिलांचा नंबर त्यानंतर. तुमची बहीण, भाची, शेवटी उशाशी बसलेली मैत्रीण, यांच्याआधी तो दीर येतो. २००९ साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात हेच झालं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली मुलगी, सासरच्यांनी हाकलली, माहेरी राहून शिकली, नोकरी केली, आणि मृत्युपत्र न करता गेली. तिच्या आईनं दावा केला. सर्वोच्च न्यायालयानं तिची सगळी शिल्लक सासरच्या बाजूला दिली, कारण कायदा तसा आहे. कायदा बदलायला हवा, ते आपलं काम आहेच. तोवर मृत्युपत्र करा.

त्याला मुद्रांक लागत नाही. साधा कागद चालतो, तुमची सही आणि दोन साक्षीदार. ज्याला मिळणार आहे त्याचीच साक्ष घेऊ नका. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. बँकेत नॉमिनी लावला म्हणून निश्चिंत राहू नका. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, त्यानं तो मालक होत नाही. मुस्लिम मैत्रिणींना मृत्युपत्रानं साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा.

आणि बक्षीसपत्र! मुलगा म्हणतो, 'आई, आत्ताच माझ्या नावावर कर, पुढे तुला धावपळ नको.' करू नका. मृत्युपत्र तुमच्यानंतर लागू होतं आणि हयातीत कधीही बदलता येतं. बक्षीसपत्रानं घर आजच जातं. केलंच असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं २३ वं कलम आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही, तर ते रद्द करून मागता येतं. पण ती अट कागदावर लिहिलेली असली तरच लढाई सोपी. तोंडी वचनं प्रांतांच्या कचेरीत फार टिकत नाहीत. एका मैत्रिणीसाठी मी तिथे तीन वेळा जाऊन बसले आहे.

आता जेवणाआधी अर्धा तास आहे. मृत्युपत्राचा साधा मसुदा चाळीस प्रती काढून आणलाय, त्या मागच्या टेबलावर आहेत. ज्यांनी घराचे उतारे बरोबर आणलेत त्यांनी पुढे या, आपण एकेक वाचू. आणि ज्यांच्या घराच्या कागदावर त्यांचं नावच नाही, त्यांनीही या. त्यांना तर आधी.